एक टोन खाली

सिताराममामांना कवळी बसली त्याच आठवड्यात त्यांच्या ट्रम्पेटमधला सगळ्यात वरचा सूर गेला. ही गोष्ट जगात तीनच माणसांना माहीत होती: मामा, मुक्तामामी आणि पनवेलचा डेंटिस्ट. चौथा मी झालो. पुढचे आठ माझ्यामुळे झाले.

मामा माझे कोणी लागत नाहीत. जुईनगरात सगळेच त्यांना मामा म्हणायचे, पोस्टमनसुद्धा, आणि पोस्टमन त्यांच्याहून मोठा होता. पलटणीच्या बँडमध्ये एकवीस वर्षं काढून रिटायर झाल्यावर त्यांनी आमच्या वस्तीत स्वतःचा बँड उभा केला. आठ जण आणि नववे मामा. नुसत्या कानावर वाजवणारा एकही नको, म्हणून प्रत्येकाला पाच रेघांवरचं म्युझिक वाचायला शिकवलं. चौदा एप्रिलची मिरवणूक त्यांनीच रचलेल्या सलामीने निघायची. सलामीचा शेवटचा सूर उंच. तो मामा एकटे धरायचे आणि स्टेशनसमोरचा अख्खा चौक मोठ्याने आकडे मोजायचा. सत्त्याण्णव साली आम्ही एकोणीसपर्यंत गेलो होतो. एका रिक्षावाल्याने तर मोजायला मीटर टाकला होता.

अठ्ठ्याण्णवच्या मार्चमध्ये मामा आमच्या कॉम्प्युटर क्लासात आले. मी तिथे शिकवायचो, म्हणजे फ्लॉपीची कुठली बाजू वर ते सांगायचो.

"ऋषी, तुझ्या डब्यातनं नोटेशन निघतं म्हनं?"

"निघतं. एका मॅगझिनच्या सीडीवर प्रोग्रॅम आलाय. सूर अक्षरांत टाईप करायचे, छापताना त्यांच्या रेघा आणि टिंबं होतात."

"आन सगळं एक टोन खाली आनायचं झालं तर?"

"वजा दोन टाईप करायचं. दोन अर्धे सूर म्हणजे एक टोन."

"नऊच्या नऊ पार्ट?"

"नव्वद असले तरी."

मामांनी खुर्ची जवळ ओढली, दाराकडे बघितलं आणि तोंडातली कवळी काढून माऊसपॅडवर ठेवली. मी माऊस बाजूला घेतला. अशा वेळी काय करतात ते मला कोणी शिकवलं नव्हतं.

"वरचा घ्याया ओठ दाबला की ही नाचती," मामा म्हणाले. दातांशिवाय त्यांचा आवाज लहान मुलासारखा येत होता. "एक टोन खाली आलं तर धरतो मी. हातानं लिवायला बसलो तर वैशाली बघती." वैशाली त्यांची मुलगी, बँडात क्लॅरिनेटवर. "नामदेवला कळलं तर उद्याच वरचा मागंल." नामदेव दुसरा ट्रम्पेटवाला. त्या एका सुरासाठी तो अकरा वर्षं मामांच्या शेजारी उभा होता.

"पण मामा, सूर खाली आलेत हे त्यांना वाजवताना कळेलच की."

"कळू दे. कॉम्प्युटरमधी असंच बसतं म्हनून सांगू. त्यो काय उलटून बोलतोय?" त्यांनी कवळी पुसून परत बसवली. "आवंदाच्या जयंतीपुरतं वाजू दे, बाबा. मग देतो नामदेवला वरचा मीच."

मी चार दिवस टायपिंग केलं. प्रत्येक फाईलमध्ये स्वतःसाठी काहीतरी मजेशीर लिहून ठेवायची मला सवय होती. ओळीच्या सुरुवातीला टक्क्याचं चिन्ह टाकलं की प्रोग्रॅम ती ओळ छापत नाही, फाईल उघडणाऱ्यालाच ती दिसते. मामांच्या सलामीच्या नावाखाली मी इंग्रजी अक्षरांत लिहिलं, 'कवळी आवृत्ती, दातांच्या आग्रहाखातर एक टोन खाली.' टक्का टाकायचा राहिला.

रविवारी विहारामागच्या शेडमध्ये प्रॅक्टिस होती. कॉप्या मी स्वतः वाटल्या, मोठ्या ऐटीत. सगळे कागद स्टँडवर लावायला लागले. बास ड्रमवाला शिवा इंग्रजी अक्षरं जुळवून मोठ्याने वाचायचा. तेवढ्यात त्याचं वाचून झालं.

"कवळी आवृत्ती," तो म्हणाला. "कुनाची कवळी?"

वैशालीने कागदाकडे बघितलं नाही. तिने सरळ वडिलांच्या तोंडाकडे बघितलं.

कोणी हसलं असतं तर बरं झालं असतं. मी त्याचीच वाट बघत होतो. नामदेवने आपली कॉपी स्टँडवर पालथी घातली. "मामा, मी जुन्या कापीवरनंच वाजवतो. वरचा तुमीच घ्या. आकडा कितीबी येऊ दे."

"नाय," मामा म्हणाले. "तूच घे."

"मामा, कॉम्प्युटरची चूक झाली," मी म्हणालो.

मामांनी कागदाची पलटणीत घालतात तशी चार कोपरे जुळवून घडी घातली. "कॉम्प्युटरला माझी कवळी कुनी दाखवली?"

एक गोष्ट मी तेव्हा बोललो नाही. ती ओळ मला छापतानाच दिसली होती, पहिल्याच कागदावर. प्रिंटर किंचाळत होता आणि मी एकटाच हसत होतो. वाटलं, मामा पण हसतील. मग बाकीचे आठ पार्ट छापले.

दहा एप्रिलला मामा पुन्हा क्लासात आले. उभ्या उभ्याच म्हणाले, "झांजेला मानूस नाय. झांजेचा पार्ट काढून दे. जुन्या सलामीचा." मी टाईप केला. झांजेला सूर नसतो, त्यामुळे खाली-वर करायला काही नव्हतं.

"वर काय लिवू नको," मामा म्हणाले.

पण नावाशिवाय तो प्रोग्रॅम छापेना. तीनदा नकार दिला. शेवटी मी नावाच्या जागी नुसतं एक टिंब टाईप केलं. कागद बाहेर आला, वर मध्यभागी ते टिंब.

"हे काय?"

"काही नाही, मामा. टिंब आहे. त्याला काहीतरी लागतंच."

मामा नखाने ते खरवडत राहिले. कागदाला तिथे बारीक भोक पडलं. मग त्यांनी घडी घालून कागद खिशात ठेवला. मला माफी मागायची होती. मी विचारलं, "अजून एक कॉपी काढू?"

चौदा तारखेला सलामी जुन्याच पट्टीत वाजली, मामांच्या हातच्या जुन्या कॉप्यांवरून. मामा मागच्या रांगेत, कडक इस्त्रीच्या युनिफॉर्ममध्ये, हातात झांज, समोर तो भोकाचा कागद. नामदेवने वरचा सूर घेतला. चांगला घेतला. चौक मोजायला लागला आणि अकरावर त्याचा दम संपला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. वैशालीने मागे वळून बघितलं. मामांनी झांज मारली, बरोबर वेळेवर, ओठ घट्ट मिटून.

मी मनातल्या मनात एकोणीसपर्यंत मोजत राहिलो. तोवर मिरवणूक सिग्नलच्या पलीकडे गेली होती.