चौथ्या ठोक्याची घाई

दादाचा फोन आला तेव्हा ती मेणाच्या जबड्यात दात बसवत होती. कवळ्या बनवायच्या त्या लॅबमध्ये तिला सव्वीस वर्षं झाली होती. तिथेही सगळे तिला बुटकीच म्हणत. लहानपणी दादानं पाडलेलं हे नाव तिची पाठ सोडायला तयार नव्हतं.

"पुढच्या रविवारनंतरच्या रविवारी आमची बँडची मंडळी सरावाला येतायत," दादा म्हणाला. "रिफ तू वाजवायचास."

वाजवशील का, असं त्यानं विचारलंच नाही. दादाच्या बँडचा कार्यक्रम तीस वर्षं एकाच जुन्या, गाजलेल्या रॉक गाण्यानं सुरू व्हायचा. गाण्याच्या तोंडाशी गिटारचा एक छोटा तुकडा पुन्हा पुन्हा यायचा. तोच हा रिफ, आणि तो फक्त दादानं वाजवायचा. पण गेल्या वर्षी त्याला पक्षाघाताचा झटका आला आणि डावा हात कामातून गेला.

"एखादा गिटारवाला बोलाव की," ती म्हणाली.

"बोलावला तर तो कायमचा ठाण मांडेल. तू काय, एक दिवस वाजवशील नि उठशील."

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तरी तोंडातून "बरं" निघून गेलं. फोन ठेवल्यावर ती दादापेक्षा स्वतःवरच जास्त चिडली.

दुसऱ्या दिवसापासून ती कामावरून सुटली की थेट दादाकडे जायची. तो खुर्चीत बसून हुकूम सोडायचा. जाड तार दोनदा मोकळी, मग दांडीवरच्या तिसऱ्या पट्टीवर, म्हणजे फ्रेटवर, मग पाचव्या. तार पिकनं खालच्या दिशेनंच छेड. तळवा तारांवर टेकव, घुमू देऊ नकोस. चार दिवसांत तिची बोटं सोलवटली. लॅबमध्ये गरम मेण लागलं की डोळ्यांत पाणी यायचं.

"बोटं आखूड आहेत तुझी," दादा म्हणाला. "मी तेव्हाही सांगितलं होतं."

तिनं गिटार मांडीवर आडवी ठेवली. "म्हणजे तुला आठवतंय."

"काय?"

"पंधरा वर्षांची होते मी. तू घरात नव्हतास. हाच तुकडा मी ऐकून ऐकून बसवला होता. तू दारात येऊन उभा राहिलास, आणि दुसऱ्या दिवसापासून बाहेर जाताना गिटारच्या तारा काढून खिशात घालून न्यायला लागलास. सहाच्या सहा. रोज."

दादानं मान हलवली. "असलं काही झालेलं नाही. मनाचं सांगतेस."

कपडे वाळत घालत असलेल्या वहिनीचा हात थांबला. बुटकीला वाटलं, निदान हो म्हणून हसला असता तरी चाललं असतं. इतकी वर्षं ती ज्या गोष्टीनं जळत होती, ती त्याच्या लक्षातसुद्धा नव्हती.

त्यानंतर तिनं मूळ गाणं मोबाइलवर लावलं आणि कानात इअरफोनची बोंडं घालून लॅबमध्ये दिवसभर ऐकलं. एका दाताचा अर्धा मिलिमीटर चुकला तरी अख्खी कवळी डुगडुगते, अशा कामात तिची उमर गेली होती. दुपारपर्यंत तिला कळलं. रेकॉर्डमध्ये चौथा ठोका किंचित उशिरा यायचा, श्वास घेऊन आल्यासारखा. दादा तो घाईनं हाणायचा. एकदा नाही, तीस वर्षं.

संध्याकाळी तिनं त्याला सांगितलं.

"मला शिकवतेस?" दादाचा आवाज चढला. "दहा दिवस झाले नाहीत हातात धरून."

"मूळ गाणं ऐक. चौथ्याला थांबलेत ते."

"मला ऐकायची गरज नाही. मी सांगतो तसं वाजवायचं असेल तर वाजव, नाहीतर राहू दे."

ती तुकडा त्याच्या पद्धतीनं वाजवत राहिली. घरी जाताना रस्ताभर दातओठ खात होती.

ठरलेल्या रविवारी मंडळी आली. ड्रमवाला बस चालवायचा आणि बेसवाल्याचं चष्म्याचं दुकान होतं. दोघांनी दादाच्या पाठीवर थाप मारली आणि तिच्याकडे जरा काळजीनंच पाहिलं. तिनं गिटार अँपच्या स्पीकरला जोडली. ड्रमवाल्यानं काड्या आपटून चार मोजले.

तिनं रेकॉर्डसारखं वाजवलं. चौथ्याला थांबली, मग ठोका दिला. दुसऱ्या फेरीत ड्रमवाल्याची भुवई वर गेली. तिसऱ्या फेरीला तो हसत तिच्याबरोबर थांबला. बेस आपोआप त्यात येऊन बसला आणि खिडकीच्या काचा थरथरायला लागल्या. तिचा राग कमी झाला नव्हता. तो सगळा उजव्या हातात उतरला होता.

गाणं संपल्यावर ड्रमवाला म्हणाला, "मी याला पंचवीस वर्षं हेच सांगत होतो. थांब रे जरा, थांब. ऐकेल तर शपथ."

दादाचा चेहरा लाल झाला. "माझ्या घरात, माझ्या गिटारवर," एवढंच तो म्हणाला, आणि काठी टेकत आतल्या खोलीत गेला. वहिनी त्याच्या मागे गेली नाही. तिनं सगळ्यांना चहा दिला, बुटकीला पहिला.

"आणखी एकदा?" बेसवाल्यानं दबक्या आवाजात विचारलं. आतलं दार बंद होतं. तिला क्षणभर वाईट वाटलं, आणि वाईट वाटल्याचाच राग आला. तिनं आवाज कमी न करता आणखी दोनदा वाजवलं.

तिसऱ्या दिवशी लॅबमध्ये फोन वाजला.

"ऐकलं मी ते मूळ गाणं," दादा म्हणाला.

"मग?"

"तुझ्या मोबाइलवरची रेकॉर्ड हळू लागलेली असणार."

तिनं फोन खाली ठेवला. तिनं मेणाची सुरी बाजूला सरकवली. मग पर्समधून वही काढली. ड्रमवाल्यानं तिला गाण्याचा पुढचा भाग लिहून दिला होता. शुक्रवारी बेसवाल्याच्या दुकानामागच्या खोलीत तिघांनी बसायचं ठरलं होतं, आणि तिला अजून स्वतःची गिटार विकत घ्यायची होती.