ट्रायल बाकी

"आबाजी, खरं सांगा. पेटीला कोणी हात लावला होता?"

"कोणी नाई लावला. कोण लावन? घरात आमी दोघं."

समीक्षाने पुन्हा पेटीकडे पाहिलं. काळी, जेवणाच्या डब्यापेक्षा थोडी मोठी, पुढे एकच बारीक दिवा. दिवा हिरवा व्हायला हवा होता, पण सकाळपासून तो नारिंगी लुकलुकत होता. कृष्णराव खुर्ची ओढून तिच्या शेजारी बसले होते. दवाखान्यात नातेवाईक बसतात तसे, डॉक्टरच्या तोंडाकडे बघत.

सेक्टर दहामधल्या या क्वार्टरमध्ये त्या पेटीत दोनशे बारा माणसं होती.

कृष्णराव स्टील प्लांटमध्ये इन्स्ट्रुमेंट मेकॅनिक होते. नोकरीच्या दहाव्या वर्षी त्यांनी एक जुना कॅमेरा घेतला. पुढे खात्यातला जो कोणी रिटायर होईल त्याचा शेवटच्या दिवशी गेटबाहेर एक फोटो काढायचा, असा त्यांनी नेम धरला. डोक्यावर हेल्मेट, गळ्यात झेंडूचा हार, मागे सायकल स्टँड. स्वतः रिटायर झाल्यावरही महिनाअखेरीला ते गेटवर जाऊन उभे राहत. मग एकेक माणूस जाऊ लागला आणि घरचे लोक कृष्णरावांच्या दारात येऊ लागले. कारण बहुतेकांकडे लग्नातल्या घोळक्यातले नाहीतर आधार कार्डावरचे फोटो असत. भिंतीवर लावावा, हार घालावा असा फोटो एकच असायचा आणि तो कृष्णरावांकडे असायचा.

हैदराबादला असलेल्या कमलेशने, त्यांच्या मुलाने, चार वर्षांपूर्वी सगळ्या फिल्मा स्कॅन करून या पेटीत भरल्या होत्या. पेटी म्हणजे बिनस्क्रीनचा लहान कॉम्प्युटरच, तिच्यावर लिनक्स ही सिस्टीम त्यानेच चढवली होती.

आणि आता बाबुलाल गेला होता. बाबुलाल साहू, तेवीस वर्षं कृष्णरावांच्या जोडीचा माणूस. दुसऱ्या दिवशी सकाळी दशगात्र, म्हणजे दहाव्याचा विधी होता. फोटो आजच संध्याकाळी पावर हाउस बाजारातल्या फ्रेमवाल्याकडे पोचायला हवा होता. बाबुलालचा मुलगा धर्मेंद्र पाच वाजता येणार होता. सकाळी कृष्णरावांनी पेटी चालू केली, आणि ती चालू झाली नाही.

कमलेश फोनवर तासभर बोलला. पावर हाउसमधला एक कॉम्प्युटरवाला तर पेटी न उघडताच म्हणाला, "डिस्क उड़ गई अंकल, फॉर्मेट मारना पड़ेगा." कृष्णराव पेटी छातीशी धरून ऑटोने परत आले. मग त्यांच्या बायकोला, बेबीताईंना, समीक्षा आठवली. जुनवानीच्या एका कॉलेजात फिजिक्सच्या लॅबमध्ये असते, कृष्णरावांच्याच खात्यातल्या मारोतरावांची नात. फोन केला, तर अर्ध्या तासात तिची स्कूटी दारात.

"रविवार आहे, लॅब बंद आहे," ती आल्या आल्या म्हणाली. "नाहीतर डिस्क बाहेर काढून तिथल्या मशीनवर वाचली असती. इथेच बघू."

"तुह्या सुट्टीचं वाटोळं केलं ना मी."

"कसली सुट्टी, आबाजी. आमच्या घरी आजोबांचा जो फोटो आहे ना, तो तुमचाच आहे. रोज सकाळी मीच पुसते."

कृष्णरावांना मारोतराव आठवले. हार गळ्यात घालताना इतके लाजले होते की तीन फोटो वाया गेले होते.

समीक्षाने पेटी उलटी केली, बुडाचं झाकण काढलं आणि पर्समधून एक बारीक वायर काढली. एका टोकाला यूएसबी, दुसऱ्या टोकाला तीन रंगीत शेपट्या.

"हिला स्क्रीन नाही," ती सांगू लागली. "पण सुरू होताना ही स्वतःशी पुटपुटते. आता काय शोधून राहिली, काय सापडलं, काय नाही. या तीन पिनांवर वायर लावली की ते लॅपटॉपवर वाचता येतं."

"म्हणजे आमचा चार्ट रेकॉर्डर," कृष्णराव म्हणाले. भट्टीचं तापमान कागदावर रेघ ओढत जायचं आणि बिघाड झाला की सगळ्यात आधी ती रेघ बघायची. ते थोडे पुढे सरकले. ही पोरगी आधी वाचते, मग हात लावते, हे त्यांना आवडलं.

तिने वायर जोडली, पेटी चालू केली. लॅपटॉपवर काळी चौकट तशीच कोरी राहिली.

"बोलत नाई," कृष्णराव म्हणाले.

"थांबा. माझंच चुकलं असेल." तिने दोन शेपट्यांची अदलाबदल केली. "हिचं बोलणं माझ्या कानात जायला पाहिजे. मी तोंडाला तोंड लावून बसले होते."

पेटी पुन्हा चालू केली. पांढऱ्या ओळी भराभर वर सरकल्या आणि एका ओळीवर थांबल्या. समीक्षा ओठ हलवत वाचत राहिली. बेबीताई चहा ठेवून गेल्या, त्यावर साय धरली तरी तिचं लक्ष नव्हतं.

"आबाजी, पेटी मेली नाही," ती शेवटी म्हणाली. "डिस्काही जिवंत आहेत, दोन्ही दिसून राहिल्या. फक्त पहिल्या खणात जाऊन ही लिनक्स शोधते, तिथे तिला मिळत नाही, म्हणून थांबते. परत सुरुवातीपासून. परत थांबते."

"फोटो?"

"फोटोंपर्यंत ती पोचतच नाही. त्यांना काही झालेलं दिसत नाही."

कृष्णराव खुर्चीत मागे टेकले.

"पण एक गोष्ट कळत नाही." तिने स्क्रीनवर बोट ठेवलं. "पहिल्या खणात दोन टीबीची डिस्क आहे, दुसऱ्यात पाचशे जीबीची. कोणी सिस्टीम मोठ्या डिस्कवर कावून ठेवेल? मी असते तर लहानीवर सिस्टीम ठेवली असती, मोठीवर फोटो. परवापर्यंत चालत होती ना?"

"परवा नाई लावली. बाबुलालचं कळलं तेव्हापासून माह्यं काई खरं नव्हतं. त्याच्या आधी..." कृष्णराव थांबले. "थांब, लॉगबुक पाहतो."

"लॉगबुक?"

"हाव, आहे ना याचं लॉगबुक!" स्वयंपाकघरातून बेबीताईंचा आवाज आला. "पेटीचं आहे, मोटरचं आहे, माह्या मिक्सरचंबी आहे. माहं तेवढं राहून गेलं."

"तू कधी बंद पडली का?" कृष्णराव म्हणाले आणि कपाटातून निळ्या पुठ्ठ्याची वही घेऊन आले. आत पट्टीने आखलेले चार रकाने होते. तारीख, काम, ट्रायल, सही. प्लांटमध्ये नियम होता, काम झालं की मशीन चालवून बघायचं, ट्रायलच्या रकान्यात लिहायचं, मगच सही. त्यांनी चष्मा लावला आणि शेवटची नोंद मोठ्याने वाचू लागले.

"सतरा सप्टेंबर. विश्वकर्मा पूजा. पेटी बंद केली. झाकण काढून दोन्ही डिस्का वरून बाहेर काढल्या. मऊ फडक्याने पुसल्या. कुंकू लावलं. परत बसवल्या."

त्यांचा आवाज बारीक होत गेला.

"ट्रायल?" समीक्षाने विचारलं.

"ट्रायल बाकी."

त्या दिवशी हत्यारं चालवायची नसतात. पाना, पेचकस, मीटर, सगळं पुसून, कुंकू लावून देवापुढे ठेवायचं आणि दिवसभर त्याला विसावा द्यायचा. प्लांटमध्ये असताना दुसऱ्या दिवशी शिफ्टला गेलं की आपोआप ट्रायल व्हायची. घरी दुसऱ्या दिवशी शिफ्ट नव्हती. पेटी देवापुढून उठून टेबलावर आली, तशीच राहिली, आणि चार दिवसांनी बाबुलालची बातमी आली.

"मी तुले म्हटलं, कोणी हात नाई लावला," कृष्णराव म्हणाले. त्यांचे कान लाल झाले होते. "पूजा म्हंजे हात लावणं, असं माह्या डोक्यातच नाई आलं. पण मी बरोबर बसवल्या होत्या बाई. डावी डाव्या हाताले ठेवली होती पेपरवर, उजवी उजव्या हाताले."

"मग पेटी कुठे होती?"

"देवापुढं."

"तोंड कुणाकडे?"

कृष्णराव उत्तर देण्याआधीच बेबीताई पदराला हात पुसत दारात आल्या. "देवाकडं. यायनं आपल्याकडं तोंड करून ठेवली होती. डिस्का पुसून राहिले होते तवा मीच म्हटलं, फिरवा तिले, देवाले पाठ दाखवता का?"

समीक्षाने पेटी अर्धी फिरवली, डावा खण उजवीकडे आला. मग समीक्षाच्या खांद्यांना हिसके बसू लागले. ती तोंडावर हात धरून हसत होती, आणि बेबीताई काय झालं ते न कळता तिच्याबरोबर हसू लागल्या. कृष्णराव मात्र दोन्ही हात हवेत धरून बसले होते. डावा, उजवा. मग त्यांनी हातांची फुली केली आणि मान हलवली.

"जिंदगीभर मी दुसऱ्यायच्या चुका शोधल्या," ते म्हणाले.

"आबाजी, तुम्ही लिहून ठेवलं म्हणून सापडलं. नाहीतर मी संध्याकाळपर्यंत प्रोग्रॅम तपासत बसले असते. कोणी लिहीत नाही हो असं. आमच्या लॅबमध्येसुद्धा नाही."

तिने डिस्का काढायला हात पुढे केला, तसे कृष्णराव उठले. त्यांनी भिंतीतून प्लग काढला आणि त्याचं टोक आपल्या सदऱ्याच्या खिशात घातलं. "काम चालू असतानी प्लग मेकॅनिकच्या खिशात. कोणी मागून चालू नाई करू शकत." वायर खिशातून लोंबत राहिली.

वरचं झाकण निघालं. दोन्ही डिस्कांच्या कपाळावर कुंकवाचा एकेक टिळा होता, अजून ओला वाटावा इतका लाल. समीक्षाने तो पुसला नाही. डिस्कांची अदलाबदल केली, मग खडूने एकीवर एक आणि दुसरीवर दोन असा आकडा घातला. झाकण लावलं. कृष्णरावांनी खिशातून प्लग काढून तिच्या हातात दिला.

"तू लाव."

पांढऱ्या ओळी पुन्हा धावू लागल्या. ज्या ओळीवर मघाशी सगळं अडलं होतं ती आली आणि निघून गेली. तिच्या मागून शेकडो ओळी आल्या. मिनिटभराने पेटीतून एक छोटी शिट्टी वाजली आणि दिवा हिरवा झाला.

कृष्णरावांनी चष्मा लावला. त्यांनी वही उघडली, 'ट्रायल बाकी' मधल्या 'बाकी'वर रेघ मारली आणि पुढे लिहिलं, ठीक. सहीच्या रकान्यात स्वतःची सही केली आणि पेन समीक्षाकडे सरकवला. "इथं जोडीदार सही करते."

त्या रकान्यात प्लांटमध्ये बाबुलालची सही असायची. रेणू, त्यांची लेक, सतरा दिवस दवाखान्यात होती तेव्हा बाबुलालने आपली शिफ्ट करून वर कृष्णरावांचीही केली होती, आणि एकदाही त्याचा उल्लेख केला नव्हता. आभार मानायला गेलं की म्हणायचा, "अरे, पहिले ट्रायल ले." कृष्णरावांनी हे समीक्षाला सांगितलं नाही. ती वाकून नीट अक्षरात सही करत होती.

पाच वाजता धर्मेंद्र आला. सुतक होतं म्हणून आत आला नाही, व्हरांड्याच्या पायरीशीच उभा राहिला. समीक्षा लॅपटॉप बाहेर घेऊन आली. बाबुलालचा फोटो उघडला. हेल्मेट थोडं मागे सरकलेलं, हार एका बाजूला झुकलेला, आणि तोंडभर हसू.

"यही," धर्मेंद्र म्हणाला. बराच वेळ पाहत राहिला. "हमारे पास तो बाबूजी का हँसता हुआ एक भी नहीं था, चाचाजी."

समीक्षाने फोटो त्याच्या पेनड्राइव्हवर टाकला.

"अजून एक दे त्याले," कृष्णराव म्हणाले. "माह्या नावाचा फोल्डर पाहा."

त्या फोल्डरमध्ये एकच फोटो होता. कृष्णरावांच्या रिटायरमेंटचा, एकतीस जानेवारी, जनरल शिफ्ट सुटल्यानंतरचा. तिरपा. कृष्णराव एका कडेला, हेल्मेट अर्धं कापलेलं. बाकी सगळी जमीनच.

"हा कावून देता?" बेबीताई म्हणाल्या. "हा तं बिघडलेला आहे. किती वेळा म्हटलं, काढून टाका."

"नाई बिघडला." कृष्णरावांनी स्क्रीनच्या खालच्या भागावर बोट ठेवलं. मावळतीचं ऊन मागून पडलेलं होतं आणि जमिनीवर फोटो काढणाऱ्याची लांबलचक सावली आली होती. डोक्यावर हेल्मेट, दोन्ही कोपरं पक्ष्याच्या पंखांसारखी बाहेर. "बाबुलालनं कधी कॅमेरा धरला नव्हता, बेटा. उस दिन पहली बार. बोला, तुम सबका निकालते हो, तुम्हारा कौन निकालेगा."

धर्मेंद्र वाकला. "बाबूजी की कोहनी," तो हळूच म्हणाला. "अखबार भी ऐसे ही पकड़ते थे."

"ऐसे पकड़ा था," कृष्णराव म्हणाले आणि व्हरांड्याच्या कडेशी येऊन, हातात काही नसताना, दोन्ही कोपरं उचलून त्यांनी कॅमेरा धरून दाखवला. ऊन त्यांच्या पाठीवर होतं. अंगणातल्या सिमेंटवर त्यांची सावली पडली.

धर्मेंद्रने त्यांच्याकडे पाहिलं नाही. तो सावलीकडे बघत होता. ते लक्षात आल्यावर कृष्णरावांनी हात खाली घेतले नाहीत. कोपरं तशीच धरून, त्याचं पाहून होईपर्यंत, ते उभे राहिले.