सासूबाईंची चपळ पापणी

माझ्या सासूबाई शाळेच्या मुख्याध्यापिका. वर्गात डुलक्या काढणाऱ्या मुलींना त्यांनी बत्तीस वर्षं बाकावर उभं केलं. आता निवृत्त झाल्या, आणि शाळेच्या भिंतीवर लावायचा त्यांचा फोटो पाच वाजायच्या आत फ्रेमवाल्याकडे पोचवायचा होता. स्टुडिओवाला हनुवटीला हात लावतो म्हणून तिथं जायचं नाही. मग मीच फुशारकी मारली, "आई, मी काढते की! नवा फ्लॅश आणलाय ना!"

"हो, घरात दिवे नव्हतेच," त्या म्हणाल्या आणि खुर्चीत ताठ बसल्या.

फ्लॅश कॅमेऱ्यावर चढवला, सोबत आलेल्या माहितीपुस्तकात लिहिल्याप्रमाणे त्याचं तोंड छताकडे केलं, बटण दाबलं. डोळे मिटलेले! पुन्हा काढला. पुन्हा मिटलेले! सतरा फोटो झाले, एकातही डोळे उघडे असतील तर शपथ.

"अगं, त्या भिंतीवर मी कायमची झोपलेली दिसणार का? मुली फिदीफिदी हसतील मला!" त्यांचा आवाज चक्क कापला. मला वाईट वाटलं आणि दरदरून घामही फुटला.

पुस्तक पुन्हा चाळलं तेव्हा कुठं उलगडा झाला. ऑटोवर असला की फ्लॅश आधी बारीकसा चमकून उजेडाचा अंदाज घेतो, मग खरा चमकतो. मधे पुरता क्षणही जात नाही, पण आईंची पापणी भलतीच चपळ, पहिल्यालाच मिटायची. मॅन्युअलवर टाकला की ती पहिली चमक बंद.

एवढं सरळ सांगायचं, तर मला अवदसा आठवली.

"आई, मनात एक आणि ओठांवर दुसरं असलं की या फ्लॅशला कळतं. डोळे मिटतात. काहीतरी खरं बोला बघू," असं म्हणत मी बटण हळूच मॅन्युअलवर सरकवलं.

"काहीतरीच तुझं! बरं... तुझा चहा बरा असतो."

लख्ख! डोळे टक्क उघडे. "अगंबाई!" त्या कॅमेऱ्यावर वाकल्या.

"आता जाऊबाईंबद्दल," म्हणत मी बटण परत ऑटोवर आणलं.

"थोरली फार कामसू आहे."

डोळे गच्च मिटलेले. हसू दाबता दाबता माझं पोट दुखायला लागलं.

"आणि माझ्याबद्दल?" पुन्हा मॅन्युअल.

त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. "तू आगाऊ आहेस. पण तू या घरात आलीस आणि मला शाळेतून घरी यायची घाई व्हायला लागली."

लख्ख. फोटोत डोळे उघडे होते, जरासे ओलेसुद्धा.

"हाच दे फ्रेमवाल्याला," त्या उठल्या. "आणि ते बटण तू पहिल्यांदा सरकवलंस ना, तेव्हाच पाहिलं मी. कॉप्या पकडण्यात आयुष्य गेलंय माझं. थोरली कामसू आहेच."

मी जीभ चावली. "मग तरीही माझ्याबद्दल ते सगळं बोललात?"

"तू विचारलंस म्हणून. इतक्या वर्षांत कधी विचारलं होतंस?" त्यांनी पायात चपला सरकवल्या. "चल, पाच वाजत आले."