बघायची जागा

लेकीचं लग्न होऊन घर रिकामं झालं, त्याच वर्षी टेकडीवरच्या नव्या घरांची फाइल तपासनीसबाईंच्या टेबलावर येऊन पडली. मालकाचं नाव वाचलं आणि बाईंनी हातातला चहा खाली ठेवला. नणंदेचा नवरा.

"नात्यातलं कुणी नाही ना?" साहेबांनी नेहमीसारखं विचारलं. नात्यातली फाइल दुसऱ्याकडे द्यायची, असा नियम होता.

"छे, कुणी नाही."

बाईंच्या लेखी ते खोटं नव्हतं. याच माणसानं मागे त्याच टेकडीचा पायथा उभा कापला होता. वरची माती सुटली आणि बाईंचं घर आत निजलेल्या नवऱ्यासकट गाडून गेली. "डोंगराच्या मनात आलं, त्याला माणूस काय करणार?" एवढं बोलून तो हात झटकून मोकळा झाला होता. नातं तिथंच गाडलं गेलं.

बाईंचं काम दोन गोष्टी तपासायचं. माती कुठं कापणार, कुठं भरणार, ही एक. घरं झाल्यावर टेकडी खालून कशी दिसेल, ही दुसरी.

आधी माती घेतली. डूख धरून एकेक नकाशा उसवला. पण उतार सौम्य, भिंती पायऱ्यापायऱ्यांच्या, भिंतीमागचं पाणी काढायला नळ्या. बोट ठेवायला जागा नाही. बाईंच्या अंगाचा तिळपापड झाला. मेल्याची ही अक्कल तेव्हा कुठं चरायला गेली होती?

मग दिसण्याची पाळी. पद्धत अशी, की छप्पर जिथवर येणार तितक्या उंचीचे बांबू जागेवर रोवायचे, टोकाला नारिंगी फडकं बांधायचं आणि खालून बघायचं. कुठून बघायचं ते तपासनीस ठरवतो. जिथं माणसं राहतात किंवा चालतात अशी जागा हवी, एवढंच.

रस्त्यावरून फडकी झाडीत बुडून गेलेली दिसली. शाळेच्या फाटकातूनही तेच. बाई रस्ता सोडून गवतात उतरल्या. एका जुन्या घराचं जोतं तेवढं शिल्लक होतं, त्यावर उभ्या राहिल्या आणि मान वर केली. तिथून एकूण एक फडकं आभाळावर आलं होतं. टेकडीच्या डोक्यात खिळे ठोकावेत तसं. बाईंनी फोटो काढला. आधीच्या दोन जागांवरून काढलेच नाहीत.

सुनावणीला तो काठी टेकत आला. मागे नणंद. भिंतीवर फोटो उमटला तसे साहेब कळवळले, "अहो, पार रया घालवलीत की टेकडीची!"

त्यानं डोळे बारीक करून फोटो बघितला.

"पण या जागेवरून बघणार कोण? इथं तर कुणी राहत नाही."

"राहत होतं," बाई म्हणाल्या.

त्याची मान बाईंकडे वळली. आता कुठं त्यानं तोंड नीट बघितलं. "वहिनी..." त्याच्या तोंडून निघून गेलं.

साहेबांनी पेन थांबवलं. "ओळखता तुम्ही यांना?"

बाई हाताची घडी घालून बसल्या. एका शब्दाचं काम होतं. ही माझ्या बायकोची भावजय, एवढं तो म्हणाला असता तर तपासणी रद्द, वर बाईंची नोकरी धोक्यात. पण मग ते जोतं कुणाचं, आणि घर कशानं गेलं, तेही त्याच तोंडानं सांगावं लागलं असतं. बाई वाट बघत होत्या. सांग. एकदा तरी सांग.

"नाही," तो म्हणाला. "चुकून बोललो."

जागेचा आक्षेपही त्यानं पुढं रेटला नाही. घरं नामंजूर झाली.

बाहेर नणंदेनं बाईंना गाठलं. "भरलं का पोट, वहिनी? सगळं विकून यात घातलं होतं आम्ही."

"वन्सं, त्यानं फक्त खरं बोलायचं होतं."

"आणि तुम्ही? तुम्ही बोललात?"

नणंद नवऱ्याला धरून जिना उतरली. तो प्रत्येक पायरीला थांबत होता.

नणंदेचा नवरा पुढल्या वर्षी मार्चमध्ये हृदय बंद पडून गेला. बाईंना कुणी कळवलं नाही.