नावदिवसाचा पेला

नावदिवसाला आमंत्रण कोणालाच द्यायचं नसतं. आपल्या नावाच्या संताचा दिवस आला की लोक आपणहून येतात, आणि आलेल्याला दारातून परत पाठवत नाहीत. म्हणूनच विद्यापीठाचा डीन पाकुला आला. हातात कार्नेशनची फुलं, मिशीवर बर्फ.

आज दिवस सेवेरिन ओल्शान्स्कींचा होता; त्यांनी फुलं न बघताच घेतली. युद्धात जर्मनांनी पोलिश प्राध्यापकांना छावणीत कोंबलं, तिथून ओल्शान्स्की हाडांचा सापळा होऊन परतले. परतल्यावर त्यांना पहिला विद्यार्थी मिळाला तो हाच पाकुला. तर्कशास्त्र त्यांनीच शिकवलं त्याला. त्याच तर्कशास्त्रानं यानं सहा वर्षांपूर्वी विद्यापीठाच्या भरसभेत सिद्ध केलं, की ओल्शान्स्की तरुणांना बिघडवतात. वर्ग गेला. तेव्हापासून हा तत्त्वज्ञ घरी बसून खतांच्या माहितीपुस्तिकांची भाषांतरं करत होता.

आता वारं फिरलं होतं. वरचे साहेब बदलले होते, आणि हाकललेल्यांना परत बोलावलं जात होतं.

हेरिंग मासा, वोदका, खसखशीचा केक. पाहुणे चरत होते. पाकुला पेला घेऊन उठला.

"सर, वसंतात आपला वर्ग परत सुरू! फक्त आज आपण दोघं ब्रुदरशाफ्ट पिऊ. सगळ्यांसमोर."

म्हणजे कोपरात कोपर अडकवून पेला रिकामा करायचा, गालांचे मुके घ्यायचे, आणि पुढे जन्मभर अरे-तुरे. झालं गेलं सगळं त्या घोटाबरोबर पोटात. खरं तर हे वयानं मोठ्यानं सुचवायचं असतं. पण लाज कुठे होती?

"प्या, प्या!" पाहुणे ओरडले. त्यातल्या तिघांनी त्या सभेत ओल्शान्स्कींविरुद्ध हात वर केले होते.

"घे ना, सेवेरिन," बायको ब्रोनिस्वावा कानाशी पुटपुटली. "पुन्हा शिकवशील. खतं पुरे झाली रे."

वर्ग तर हवाच होता. त्यांनी पेला उचललासुद्धा. पाकुलाचा उबदार, लिबलिबीत हात त्यांच्या कोपरातून सरकला. माशाचं तेल लागलेले ओठ जवळ आले.

"छावणीत आपण जे सोसलंत, सर..."

"छावणीचं नाव काढू नका!" त्यांनी हात हिसडला. वोदका डीनच्या बाहीवर सांडली. "तिथे उवा रक्त प्यायच्या. पण पिऊन झाल्यावर एकीनंही मुका मागितला नाही."

कोणीतरी खिदळलं आणि घाईनं तोंडात केक कोंबला.

"मग वर्गाचं मला काही सांगता येणार नाही, सर."

"मला हाकललंत तेव्हा 'आदरणीय प्राध्यापक' म्हणत हाकललंत. तसंच म्हणत राहा."

ब्रोनिस्वावानं डोळे मिटले. वर्ग गेला, हे तिला कळलं. मग ती उठली, डीनचा ओव्हरकोट आणला आणि त्याच्या बाह्या चढेपर्यंत धरून उभी राहिली. दार लावून पाहुण्यांकडे वळली.

"आणखी कोणाचा कोट आणू?"

केक अजून उरला होता. कोणी उठलं नाही.