करंगळी

शिवणकामात थोरल्या जावेचा हात धरणारं आसपास कुणी नव्हतं. पण मोबाइलचं नाव काढलं की बाई लांब पळायची. वर्षानुवर्षं सुया टोचून तिच्या बोटांच्या रेघाच पुसल्या होत्या. आपल्या शिवणाच्या दुकानासाठी तिने बाजारातल्या मोठ्या दुकानाचं क्रेडिट कार्ड घेतलं. ते त्यांच्या ॲपला जोडायचं ठरलं, तेव्हा मोबाइलने तिचं बोट काही केल्या घेतलं नाही. मग धाकट्या जावेने आपलं बोट लावलं, आपलाच नंबर दिला. "ताई, तुम्ही शिवा. ही कटकट माझ्याकडे." थोरलीला कोण आनंद! जिला सुईत दोरा ओवण्यापासून शिकवलं, ती आता भार उचलत होती.

परवा धाकटी माहेरी गेली आणि इकडे मशीनची मोटर जळली. शाळेचे गणवेश अर्धवट पडलेले. नवी मशीन घ्यावी म्हणून थोरलीने ॲप उघडलं, तर ते आत घेईना. शेवटी कार्ड घेऊन ती मोठ्या दुकानातल्या मदतीच्या काउंटरवर जाऊन उभी राहिली.

काउंटरवरची मुलगी म्हणाली, "काकू, कार्ड दुसऱ्याच खात्याला जोडलंय. कोडसुद्धा त्याच नंबरवर जातोय."

"जावेचा नंबर आहे तो. घरचीच आहे हो."

मुलीने ओळखपत्र पाहिलं, नंबर बदलला, नवा पासवर्ड घालून घेतला. "आता बोट लावा."

"माझं बोट उमटत नाही गं."

"करंगळी लावा की. तिला कुठे सुई टोचते?"

करंगळी एका फटक्यात उमटली. थोरली लहान पोरीसारखी हसली. तेवढ्यात कार्ड जोडलं गेलं आणि खाली आधीची खरेदी आली: शिलाई मशीन, इस्त्री, उभा आरसा, कपडे बदलायच्या खोलीचा पडदा. पत्ता थोरलीच्याच दुकानामागच्या गल्लीचा.

"हे तुम्हीच मागवलंय ना?" मुलीने विचारलं.

"हो, घरचंच आहे," थोरली कशीबशी म्हणाली. कार्डाचे हप्ते तीच भरत होती, आपल्या दुकानाच्या कापडाचे समजून.

त्या गल्लीत एक शटर अर्धं वर होतं. थोरली वाकून आत शिरली. माहेरी जाते म्हणून गेलेली धाकटी नव्या मशीनवर बसली होती आणि आरशापुढे शाळेच्या मोठ्या बाई ब्लाउज घालून पाहत होत्या. पहिल्यापासून थोरलीचं गिऱ्हाईक. थोरलीला बघताच त्या घाईघाईने पडद्याआड गेल्या.

"ताई! तुम्हाला सांगणारच होते मी..."

"सांगायला तुझं तोंड कुणी धरलं होतं? वेगळं दुकान हवं होतं, तर मीच नारळ फोडायला आले असते ना गं."

थोरलीला खरं तर तिच्या झिंज्या उपटाव्यात असं वाटत होतं. पण वाटेभर डोक्यात दुसरंच घोळत होतं.

"मला एकच सांग. करंगळी चालते, हे तुला ठाऊक होतं?"

धाकटीने हातातलं कापड उगाचच नीट केलं.

"कार्ड घेतलं, त्याच दिवशी दुकानातल्या माणसाने सांगितलं होतं," ती हळूच म्हणाली.

त्याच दिवशी! थोरलीला रडू फुटलं, आणि तिने ते लपवलंही नाही.