बासिलियाचं बोटभर दुकान

बासिलियाने नोकरी सोडली तेव्हा मी तिला तोंडावर वेडी म्हणाले आणि पाठीमागे तर बरंच काही म्हणाले. एल आल्तो शहरातल्या त्या कारखान्यात बारा वर्षं आम्ही शेजारी बसून शाळेचे गणवेश शिवले. तिची टीप काही माझ्यापेक्षा सरळ नव्हती. चुण्या घालायला तर मीच तिला शिकवलं. आणि ही बया निघाली स्वतःचं घागऱ्यांचं दुकान काढायला!

"सातुर्निना, तूही चल गं. दोघी मिळून काढू," ती म्हणाली. मला भीती वाटली. तसं सांगायची लाज वाटली, म्हणून मी हसले.

चोवीस जानेवारीला आमच्याकडे चिमुकल्या वस्तूंची जत्रा भरते. वर्षभरात जे हवं असेल ते बोटभर आकाराचं विकत घ्यायचं आणि बरोबर बाराच्या ठोक्याला पुजाऱ्याकडून धुरी दाखवून, दारू शिंपडून, पाकळ्या टाकून घ्यायचं. वेळ टळली की गेलं वर्ष. बासिलियाने दारात लाल घागरा टांगलेलं इवलंसं दुकान घेतलं. मी कायम नोकरीचं आगपेटीएवढं पत्र घेतलं.

तेवढ्यात तिला एक गिऱ्हाईक भेटलं, तिला कापड दाखवायला घाईने घेऊन गेलं. जाताना तिने ते दुकान माझ्या हातात कोंबलं. "एवढं करून घे गं. तुझ्याशिवाय कोणावर सोपवू?"

दुकान निघायच्या आधीच हिला गिऱ्हाईकसुद्धा! मी ते शालीत खोल खोचलं.

बाराच्या ठोक्याला माझा नंबर आला. पुजाऱ्याने माझ्या पत्रावर दारू शिंपडली आणि विचारलं, "आणखी काही आहे का, बाई?"

दुकान माझ्या शालीत होतं. "नाही, एवढंच," मी म्हणाले.

संध्याकाळी तिला दुकान परत दिलं आणि सांगितलं, झालं म्हणून. तिने मला मिठी मारली.

ऑगस्टमध्ये कारखान्याला टाळं लागलं. माझ्या पत्राला तर धुरी वेळेवर मिळाली होती! आणि तिच्या खऱ्याखुऱ्या दुकानात सणाच्या नाचासाठी घागरे शिवून घ्यायला बायकांची रीघ. दोन महिने मी त्या रस्त्याने मान वळवून गेले. घरातलं पीठ संपलं तेव्हा तिच्या दारात उभी राहिले.

"ये, एक मशीन रिकामं आहे," ती म्हणाली.

तो चांगुलपणा मला सोसवेना. "बासिलिया, त्या दिवशी मी तुझं दुकान…"

"माहीत आहे." तिने मशीन थांबवलंसुद्धा नाही. "कोरडं ठणठणीत होतं. ना दारूचा वास, ना एखादी पाकळी."

"मग बोलली का नाहीस?"

"आठ दिवस डोळ्याला डोळा लागला नाही माझा. तुला शिव्याही घातल्या. मग म्हटलं, आता देव नाही नि मैत्रीणही नाही, जे काय आहे ते हे दोन हात. पहाटेपासून बसायला लागले. कापड घेऊन दारोदार हिंडले. धुरी मिळाली असती, तर गिऱ्हाइकाची वाट बघत बसले असते गं." तिने दोरा दाताने तोडला. "बसतेस की जातेस?"

मी बसले आणि चुण्या घालायला घेतल्या. माझ्या जळण्यानेसुद्धा तिचं भलंच झालं होतं, आणि आजवर तिचा इतका हेवा मला कधीच वाटला नव्हता.